उथळ पाण्याचे सोबती

आहात तिथेच बसा. पाठ टेकलेली असली तरी हरकत नाही. आज मन लावायचं आहे ते एका जोडप्यावर. दोघं सत्तरीच्या आसपासची, मिशिगन किंवा ओहायोतल्या एखाद्या लहान गावची. नावं नकोत, कारण अशी जोडपी तिकडे हजारोंनी आहेत. थंडीची चाहूल लागली की घराला कुलूप घालायचं, पलंग, शेगडी, संडास सगळं पोटात घेऊन चालणारी आरव्ही बाहेर काढायची आणि फ्लोरिडा गाठायचं. परतायचं ते एप्रिलात. यांना तिकडे स्नोबर्ड म्हणतात. आपण त्यांच्या मागोमाग जाऊ, त्यांच्याच चालीने.

आधी घर बंद होताना पाहू. सामानाची बांधाबांध नंतर होते. सगळ्यात आधी तो तळघरात उतरतो आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करतो. मग ती वरच्या मजल्यापासून एकेक नळ उघडत खाली येते. नळीत राहिलेलं पाणी खळखळत, मग थेंब थेंब होत संपतं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि तांब्याची नळीही फोडतं, म्हणून ही काळजी. आरव्हीच्या नळ्यांमध्ये तर गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरलेलं असतं. म्हणजे पाण्याची सगळी सोय असलेलं हे घर निघतं ते कोरडंच. प्यायला बाटल्या, हात धुवायला कॅन. जॉर्जियात कुठेतरी रात्रीचा पारा शून्याच्या वर राहू लागला की गुलाबी पाणी धुऊन टाकायचं आणि टाकी भरायची.

इथे क्षणभर थांबा. तुमच्या घरातला शेवटचा नळ बंद झाल्यावर जी शांतता पसरेल, ती ऐकून पाहा. फ्रिजची घरघर नाही, टाकी भरल्याचा आवाज नाही. या शांततेची भीती वाटते की बरं वाटतं? उत्तर लगेच द्यायची गरज नाही.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंटरस्टेट ७५ हा महामार्ग मिशिगनच्या वरच्या टोकापासून ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया करत फ्लोरिडात उतरतो. म्हणून मिशिगन-ओहायोकडची माणसं बहुधा फ्लोरिडाच्या आखाताकडच्या किनाऱ्यावर भेटतात. ही वाट जुनी आहे. १९१९ साली टँपाच्या डी सोटो पार्कमध्ये मोटारींना तंबू बांधून राहणाऱ्या प्रवाशांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची संघटना काढली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा रिकामा डबा लावायचा, ही त्यांची खूण. ज्याच्या गाडीवर डबा, तो आपला. शंभर वर्षांत गाड्या अवाढव्य झाल्या, पण संध्याकाळी शेजारच्या गाडीपाशी आपली खुर्ची घेऊन जायची रीत तीच राहिली.

आपल्याला लगेच वानप्रस्थ आठवतो. मला ती तुलना पटत नाही. वानप्रस्थात मागचं सोडायचं असतं. ही माणसं मायक्रोवेव्ह घेऊन निघतात, नातवंडांशी रोज व्हिडिओवर बोलतात आणि डिझेलच्या भावावरून चिडतात. त्यांनी काही सोडलेलं नाही, जागा कमी केली आहे. जागा कमी केल्याने काय होतं, ते मात्र पाहण्यासारखं आहे.

टाकीपाशी येऊ. ताज्या पाण्याची टाकी असते दीड-दोनशे लिटरची. नळाला जोडून घेतलं तर प्रश्न नाही, पण रानात मुक्काम असला की तेवढ्यावर दोघांचं भागवायचं. आंघोळ म्हणजे अंग ओलं करायचं, फवारा बंद, साबण लावायचा, फवारा चालू, संपलं. ताटं आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. वापरलेलं पाणी एका टाकीत, संडासचं दुसऱ्या टाकीत. भिंतीवर छोटे दिवे असतात, कोणती टाकी किती भरली ते दाखवणारे. आणि चार-सहा दिवसांनी ती वेळ येतेच. हातमोजे घालायचे, जाड नळी जोडायची, आधी संडासची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची. म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. मननात हा विषय काढू नये असं कुणी म्हणेल. मला तर वाटतं, इथून सुरुवात करावी. स्वतःचं वापरलेलं, टाकलेलं सगळं स्वतःच्या हाताने योग्य जागी पोहोचवणं, हे आपल्यापैकी किती जणांनी केलं आहे?

आज सकाळपासून तुम्ही वापरलेलं पाणी डोळ्यांसमोर आणा. दात घासताना, चहाला, आंघोळीला, भांड्यांना. ते सगळं एका टाकीत साठवलं आणि टाकी तुमच्याच खोलीच्या जमिनीखाली आहे, असं समजा. किती जड झाली? लिटरला एक किलो. हा भार ओढत रस्त्याने जायचंय. पाहत राहा फक्त.

मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी मागे घेताना त्या दोघांचं खरं नातं कळतं. तो आरशात बघतो, ती मागे उभी राहून हात हलवते. मागे ओढायची आरव्ही असेल तर स्टिअरिंग वळवलं की ती उलट्या बाजूला वळते. नियम एकच: तिला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही ती दिसत नाही. अशा वेळी कितीही जोरात ओरडलं तरी उपयोग नसतो. शेजारी खुर्च्यांवर बसलेले लोक हा खेळ तन्मयतेने बघत असतात. गाडी जागेवर बसली की त्यातलाच एकजण उठून येतो, कुठून आलात विचारतो आणि उद्या सकाळी होड्या काढणार आहोत, येताय का, असंही विचारतो. मैत्री एवढ्यावर होते.

आता पाण्यावर जाऊ. इथे वेळ देऊ, कारण मला तुम्हाला आणायचं होतं ते इथेच.

गाव आहे सीडर की. फ्लोरिडाच्या आखाताकडच्या किनाऱ्यावर, रस्ता संपतो तिथलं, जेमतेम सातशेच्या आसपास वस्तीचं. १८६७ साली इंडियानातून दक्षिणेकडे निघालेला तरुण जॉन म्यूर पायी चालत इथवर आला आणि हिवतापाने आडवा पडला. पुढे योसेमिटीचं रान वाचवायला झगडला तो हाच. १९९५ मध्ये राज्यात जाळ्यांवर निर्बंध आले, तेव्हा इथल्या मच्छीमारांनी शिंपल्यांची शेती शिकून घेतली. २०२३ मध्ये इडालिया आणि २०२४ मध्ये हेलीन अशी दोन वादळं गावाने लागोपाठ सोसली.

सकाळची वेळ. दोन कयाक, एक सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची होडी आणि ज्यात दोघं बसतात ती लांब कयाक. या दुहेरी कयाकला तिकडे गमतीने घटस्फोटाची होडी म्हणतात. पुढचा वल्ह्यांची लय ठरवतो, मागचा दिशा सांभाळतो. पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसांची वल्हीसुद्धा पहिल्या दहा मिनिटांत एकमेकांवर आपटतात. मग कुणीतरी बोलणं थांबवतं आणि वल्ही जुळतात.

तुम्हीही बसा. पाय लांब करा, गुडघे किंचित वर. पाणी तुमच्या बसण्याच्या पातळीला आहे, जवळजवळ खालीच. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. डावं वल्हं, उजवं वल्हं. खाली काय आहे? हातभर पाणी, त्याखाली गाळ, मध्येच कालवांचे धारदार खडक. मोठी बोट इथे येऊच शकत नाही, तळ लागेल. तुमची होडी पाण्यात बुडते वीतभरसुद्धा नाही, म्हणून तुम्ही इथे आहात. तुम्ही किती थोडं बुडता, यावर इथे किती आत जाता येईल ते ठरतं. या वाक्याला लगेच अर्थ चिकटवू नका. आधी हातभर पाणी अंगाखाली जाणवू द्या.

पण भरतीचा तक्ता पाहिल्याशिवाय इथे कुणी निघत नाही. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारी माणसं आहेत. इथे भरती आखातातली असल्याने गणित निराळं पडतं, दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात, पण चंद्र तोच. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडून थंडीची लाट आली की वारा पाणी समुद्राकडे लोटतो आणि तक्त्यात आहे त्याहूनही ओहोटी खाली जाते. उशीर झाला तर होडी गाळात बसते. उतरून चालावं तर मांडीपर्यंत पाय रुततो. मग पाणी परत येईपर्यंत काही तास बसायचं, जवळच्या सँडविचचे तुकडे वाटून घ्यायचे. कोण कुरकुरतो, कोण गप्प राहतो, कोण विनोद करतो, ते त्या तासांत कळतं. पुढच्या वर्षी कुणाच्या शेजारची जागा आरक्षित करायची, तेही.

समोर अ‍ॅट्सीना ओटी नावाचं बेट आहे, किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आतबाहेर. मूळ गाव होतं ते या बेटावर. एबरहार्ड फेबरची सीडरच्या लाकडाची गिरणी इथे होती. तिथे कापलेल्या फळ्यांच्या पेन्सिली व्हायच्या. १८९६ च्या वादळात समुद्र बेटावर चढला आणि गिरणी गेली, वस्ती गेली. आज झाडीत विटांचे अवशेष आहेत आणि एक लहानसं कब्रस्तान. मित्रमंडळी तिथे थोडा वेळ हिंडते, थडग्यांवरची नावं वाचते, मग वाळूत बसून थर्मासमधली कॉफी पिते. कुणी गंभीर काही बोलत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघतो.

परतताना वाळूच्या पट्ट्यावर पांढरे पेलिकन दिसतात. तेही उत्तरेतल्या तळ्यांवरून इथे थंडी काढायला आलेले. तपकिरी पेलिकन एकटा उंचावरून पाण्यात सूर मारतो. पांढरा तसा नाही. हे दहा-बारा मिळून अर्धगोल करतात, मासे उथळ पाण्याकडे ढकलत नेतात आणि एकदम चोची बुडवतात. उथळ पाणी नसेल तर त्यांची ही युक्ती चालायची नाही.

आणखी एक जागा. सीडर कीच्या दक्षिणेला क्रिस्टल रिव्हर आहे. तिथल्या किंग्ज बेमध्ये जमिनीतून झरे येतात, बारा महिने साधारण २२ अंशांचे. आखाताचं पाणी २० अंशांच्या खाली गेलं की मॅनटी इथे गोळा होतात. ही गवत खाणारी, चार-पाचशे किलोची समुद्रगाय. आपल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत जो ड्युगाँग राहतो, त्याची ही दूरची बहीण. अंग एवढं मोठं, पण थंडी सोसत नाही. गार पाण्यात फार दिवस राहिली तर ती आजारी पडते, मरतेही. म्हणजे ज्या थंड वाऱ्याने सीडर कीला होडी गाळात बसवली, तोच वारा हिला झऱ्याकडे आणतो. कित्येकींच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांचे वण असतात. अभ्यासक त्या वणांवरूनच एकेकीला ओळखतात. थ्री सिस्टर्स नावाच्या झऱ्यांत १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च कसलीही होडी आणायला बंदी आहे, कयाकसुद्धा.

म्हणून ही मंडळी बंदीच्या हद्दीबाहेर थांबतात. वल्ही आडवी मांडीवर. तुम्हीही हात मांडीवर ठेवा. मॅनटी विसावलेली असली तर एका श्वासावर पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली राहते. नाक वर येईल, फूस करून आवाज होईल, पुन्हा खाली. तुम्हाला तेवढा श्वास रोखायचा नाही. फक्त दोन आवाजांमधल्या वेळात काही करू नका. फोन काढू नका. शेजारच्या होडीतल्या माणसाला काही दाखवू नका, त्यालाही दिसतंय.

आता जे टाळत आलो तिकडे वळू. दर हिवाळ्यात एखादी जागा रिकामी असते. कुणाची दृष्टी अधू झाली आणि रात्री गाडी चालवणं थांबलं. कुणाची जोडीदारीण गेली आणि दहा मीटर लांबीची गाडी मागे घेताना हात दाखवायला कुणी उरलं नाही. एखाद्याने आरव्ही विकली आणि चाव्या नव्या तरुण जोडप्याच्या हातात दिल्या. त्यांच्याबद्दल बोलणं होतं, पण फार नाही. त्यांची कयाक मात्र कुणीतरी घेतलेली असते, आणि ती पाण्यावर असते. ही मैत्री वर्षातून चार-पाच महिन्यांचीच. एकमेकांची खरी घरं बहुतेकांनी कधी पाहिलेलीही नसतात. तरी रिकाम्या जागेपाशी सगळे थबकतात. मला हे नातं उथळ वाटत नाही. घर, हुद्दा, मुलांची लग्नं यांतलं काहीही मध्ये न येता जमलेली माणसं आहेत ही.

तुमच्या मनात आत्ता जी दोन-तीन माणसं आली असतील, ती आठवू द्या. कामाची नसलेली, नात्यातली नसलेली, ज्यांच्याबरोबर तासन्‌तास काहीच न करता बसता येतं अशी. चेहरे स्पष्ट होईपर्यंत थांबा. मग डोळे उघडा, खांदे सैल करा.

आणि त्यांना फोन करा. येत्या थंडीतली एखादी तारीख विचारा, भरतीची वेळ बघूनच ठरवा. आणि पाण्यावर उतरण्याआधी लाइफ जॅकेटचा पट्टा नीट आवळा, पोहता येत असलं तरी.