जाणकाराचे मौन

गोमती नगरातील एखादा हौशी संग्राहक जुने व्हिडिओ गेम शोधत लखनौच्या जुन्या भागातील नक्खासच्या रविवार-बाजारात जातो, तेव्हा त्याच्यापुढे एक प्राचीन नैतिक प्रश्न उभा राहतो. निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले. भारतीय घरांत नव्वदीच्या दशकात पोचल्या त्या बहुतांशी त्याच्या स्वस्त नकला. त्यामुळे ढिगात अस्सल कॅसेट हाती लागणे दुर्मीळ. विक्रेत्याच्या लेखी ती भंगार असते. तिचे मोल ग्राहकच जाणतो. ते त्याने सांगावे काय?

सिसेरोने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात असाच पेच मांडला. दुष्काळग्रस्त ऱ्होड्समध्ये धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्याने, मागून आणखी जहाजे येत आहेत, हे सांगावे की नाही? बॅबिलोनच्या डायोजेनिसच्या मते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. अँटिपेटरच्या मते सत्य सांगणे हेच कर्तव्य. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे.

नक्खासमध्ये मात्र ज्ञान विक्रेत्याकडे नसून ग्राहकाकडे असते, आणि ते त्याने व्यासंगाने मिळवलेले असते. म्हणून मागितलेली किंमत मुकाट्याने देणे एकवेळ क्षम्य ठरेल. परंतु तोच जाणकार ‘असल्या वस्तू आता कोण घेतो!’ म्हणत घासाघीस करू लागला, की मौनाची मर्यादा ओलांडली जाते. न बोलणे वेगळे आणि अवहेलनेचा अभिनय करणे वेगळे. त्या अभिनयाची किंमत, ज्याची दिवसाची कमाई त्या ढिगावर अवलंबून आहे, तो मोजतो. आणि संग्राहक आपल्या प्रिय वस्तूशीच प्रतारणा करतो.