मोहन किती, ते सांगा

दिवाळीच्या आधी घरोघर एक ठरलेलं संभाषण होतं. कुणाची तरी चकली काटेरी, खुसखुशीत झालेली असते. शेजारीण विचारते, "काकू, भाजणीचं प्रमाण काय हो तुमचं?" उत्तर भरघोस मिळतं. एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, वर धणे-जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. शेजारीण लिहून घेते, गिरणीतून दळून आणते, सोऱ्या काढते आणि चकली तेलात पडताच विरघळू लागते. दुसऱ्या घाण्याला ती तेल कमी घालते, तर चकली दाताला लागेल इतकी कडक. मोहन किती घालायचं, ते काकूंनी सांगितलेलं नसतं. विसरल्या की राखून ठेवलं, हे दोघींनाही पुरतं ठाऊक असतं आणि दोघीही ते बोलत नाहीत.

खरं तर गुपित म्हणावं असं त्यात काही नाही. वाटीभर भाजणीला टेबलस्पूनभर कडकडीत तेल, गरम पाण्यात उकड, मग चांगलं मळणं. तळणीचं तेल फार तापलं तर चकली वरून लाल, आत कच्ची राहते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडते. हे एवढं न सांगण्यापायी दुसऱ्या घरचं पीठ, तेल आणि अख्खी दुपार वाया जाते. शिवाय ती बाई 'मला काही चकली जमत नाही' असं आयुष्यभर म्हणत राहते. आपल्याकडे याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. उलट 'त्यांच्या हाताला चवच आहे' म्हणून काकूंचा गौरव होतो. मला हा गौरव थांबवावासा वाटतो.

काकूंना दोष देण्याआधी ही लपवाछपवी कुठून आली ते पाहायला हवं. घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या नावावर, दागिने सासूच्या कपाटात. हिंदू वारसा कायदा आला 1956 साली, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळायला 2005 ची दुरुस्ती यावी लागली. तोवर पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या मालकीचं म्हणावं असं जे थोडं होतं, त्यात तिचा गोडा मसाला होता, तिचं लोणचं होतं, पुरणाला कणीक किती सैल हवी याचा अंदाज होता. चार माणसांत तिचं नाव निघायचं ते त्याच बळावर. सुनेला सगळं शिकवून टाकलं तर घरात आपली गरज काय उरली, ही सासूची भीती पोकळ नव्हती. गुपित हीच तिची इस्टेट होती. पण ज्यांच्या नावावर आज फ्लॅट आहे, बँकेत ठेवी आहेत, ज्या स्वतः नोकरी करतात, त्यांनीही एक चमचा तेल कुलूपबंद ठेवावं याला आता कारण उरलेलं नाही. सवय तेवढी उरली आहे.

आणि आपल्याकडे हातचं न राखता देणारी माणसं होऊन गेली आहेत. मराठीत पाककलेचं छापील पुस्तक 1875 साली आलं, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र'. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' लिहिलं. पुढे 1970 साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. कमलाबाईंनी प्रमाण दिलं ते वाटी-चमच्याचं. नव्या संसारात तराजू नसतो, वाटी मात्र असतेच. 'अंदाजाने मीठ' असं म्हणणाऱ्या बाईला आपला अंदाज असतो, वाचणारीला नसतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणूनच आईपासून शेकडो मैलांवर संसार मांडलेल्या मुलींनी ते पुस्तक सोबत नेलं. त्या पानांवर पडलेले हळदीचे डाग मला कोणत्याही पुरस्काराहून मोठे वाटतात.

पाककृती पूर्ण देण्यात प्रमाण येतं, फसलं कुठे आणि सावरलं कसं तेही येतं. पण आणखी एक गोष्ट येते, आणि तिच्यापाशी आपण सगळे अडखळतो. ही कृती कुणाची, ते सांगणं.

आपण अन्न वाटून घेणारा समाज आहोत असं स्वतःला फार सांगतो. इतिहास वेगळं सांगतो. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. त्या कपभर चहावरून ग्रामण्य माजलं आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्याले, तेव्हा एका राजाने चहा पिणं ही केवढी मोठी घटना ठरली! सगळं जुनं झालं म्हणावं, तर 2017 साली त्याच पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली: स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईने जात लपवली, सोवळ्याचा स्वयंपाक विटाळला. गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. पण त्या घरी सणावाराला जेवलेल्या लोकांना तो स्वयंपाक आवडला होता की नव्हता, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

मराठी पाककृतींच्या पुस्तकांत 'महाराष्ट्रीय पदार्थ' म्हणून जे छापलं गेलं, ते बहुतेक मोजक्या जातींच्या ओट्यावरचं. बाकीच्यांचं जेवण एकतर 'ग्रामीण' या सदरात कोंबलं गेलं किंवा आलंच नाही. शाहू पटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ही पोकळी नेमकी दाखवली. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होतं, वाट्याला आलेलं मांस वाळवून चान्या कशा करत, येसूर मसाला कसा लागे, तेल-तूप-दूध नसताना चव कशी उभी करत, हे त्यांनी कृतींसकट नोंदवलं. 2024 मध्ये ते इंग्रजीत गेलं. त्या कृती वाचताना जाणवतं की यांत दडवण्यासारखं काही नव्हतं आणि यांना कुणी कधी विचारलंही नव्हतं. काकूंनी मोहन लपवलं, पण निदान शेजारीण वही घेऊन त्यांच्या दारात गेली होती. पटोळ्यांच्या आईच्या पिढीकडे वही घेऊन कोण गेलं?

आता येसूर शहरात पाकीटबंद मिळू लागला आहे, झुणका-भाकरी तारांकित हॉटेलात तांब्या-पितळेच्या ताटात येते, ठेच्याला मान आला आहे. चांगलंच आहे. पण मसाला घेतला आणि तो कुटणारीला घरात वेगळा कप दिला, तर त्या घेण्याला देवाणघेवाण म्हणता येणार नाही. वेगळा कप अजून आहे. ओट्याच्या कोपऱ्यात, सिंकच्या वर, पालथा घातलेला. वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरात तो आत्ताही असेल.

शहरातल्या कितीतरी घरांत रोजचा स्वयंपाक मावशी करतात. पाहुण्यांनी आमटीची वाहवा केली की बाई हसून म्हणतात, "आमच्याकडे अशीच करतात." आमटी केलेली असते मावशींनी, त्यांच्या आईच्या पद्धतीने, आणि 'आमच्याकडे' या एका शब्दात दोघीही पुसल्या जातात. हल्ली तर मावशींच्या हातचं कालवण मोबाइलसमोर मालकीणबाई ढवळतात. कायदा पुस्तकातल्या मजकुराचं रक्षण करतो, कृतीचं करत नाही. भाकरी थापण्याच्या पद्धतीवर कुणाला हक्क सांगता येत नाही. म्हणूनच नाव घेणं हे सर्वस्वी आपल्या नीतीवर सोडलेलं काम आहे, आणि त्यात आपण फार कमी पडतो. 'हे आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडून शिकले' एवढं पाहुण्यांसमोर, मावशी ऐकत असताना म्हणायला काय लागतं?

इथे एक वाजवी आक्षेप आहे. एखादी बाई फराळ विकून मुलांच्या फिया भरते. तिनेही मोहन सांगावं का? नाही, तिने सांगू नये. तिचं गुपित हे तिचं भांडवल आहे आणि ते फुकट मागणं हा उद्धटपणा आहे. हवं असेल तर तिला पैसे देऊन शिकवणी लावा. बचत गटाच्या बाईकडून पाव किलो मसाला घ्यायचा आणि जाताजाता 'यात काय काय घालता?' म्हणून सगळं काढून घ्यायचं, हा प्रकार मी पाहिला आहे. विचारणारी गाडीतून आलेली असते.

पोटाचा धंदा आणि खुली विद्या यांचा मेळ बसतच नाही असंही नाही. 1959 साली मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचंच पुढे लिज्जत झालं. तिथे पीठ एका ठिकाणी मळलं जातं, लाट्या घरोघर जातात, आणि लाटणारी प्रत्येक जण संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण असते. चव कुणा एकीच्या हातात अडकलेली नाही, म्हणून एक जण गेल्याने धंदा बसत नाही. सात जणींपैकी एकीने उडदाच्या पिठाचं प्रमाण पदराला बांधून ठेवलं असतं, तर तो धंदा त्या गच्चीवरून खाली उतरला नसता.

घरगुती युक्त्यांचं मात्र उलटं आहे. पाककृती आपण दाबून ठेवतो आणि युक्त्या मात्र न मागता वाटतो. त्यांतल्या काहींत पिढ्यांचं शहाणपण आहे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवू नये, कळकतं, हे आजीला रसायनशास्त्र न शिकता कळलं होतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच तोंडाने आपण नवजात बाळाला मधाचं बोट चाटवायला सांगतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून बोटुलिझम होऊ शकतो, स्नायू लुळे पडतात, श्वास अडकतो. भाजलं की टूथपेस्ट लावा म्हणतो, जेव्हा वीसेक मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरणं हा खरा उपाय आहे. डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाका म्हणतो, त्याने डाळीतलं बी-1 जीवनसत्त्व जातं. न्हाणीघर लख्ख व्हावं म्हणून ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओता असंही कुणी सांगतं. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

अशी युक्ती कुणी सांगितली की ऐकणाऱ्यांतल्या चौघींना ती चुकीची आहे हे माहीत असतं. कुणी बोलत नाही. काकूंना वाईट वाटेल! या भिडेला आपण संस्कार म्हणतो. मला विचाराल तर मोहन लपवण्यापेक्षा हे गप्प बसणं जास्त दोषाचं आहे, कारण लपवलेल्या मोहनाने चकली बिघडते, इथे तान्हं बाळ असतं. मान ठेवूनही टोकता येतं. "काकू, आमच्या डॉक्टरांनी मध नको म्हणून सांगितलंय" हे एक वाक्य पुरतं. आणि जी काकू 'बरं झालं सांगितलंस' म्हणते, तिच्या शब्दाला त्यानंतर दुप्पट वजन येतं.

हा सगळा लेख मी 'काकू', 'मावशी', 'शेजारीण' असाच लिहीत आलो, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. दुसरं लिहिता येत नाही, कारण ही विद्या फिरते ती बायकांच्या बायकांतच. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या बायकांपैकी 81.2 टक्के बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी 26.1 टक्के. करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी 299 मिनिटं, करणाऱ्या पुरुषाची 97. म्हणजे आई मुलीला पाककृती देते तेव्हा विद्येबरोबर दिवसाचे पाच तासही तिच्या पदरात टाकते. मुलाला दोन्हींतलं काहीच मिळत नाही. तो पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेला की पहिल्या महिन्यात आईला फोन करतो, आणि आई कृती सांगायच्या ऐवजी डबेवालीचा नंबर शोधू लागते.

त्याला बारावीच्या सुट्टीत ओट्यापाशी उभं करा. वरणाला फोडणी घालायची आहे, तो विचारेल, आधी काय? तेल तापू दे, मग मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, शेवटी हळद, आणि हळद पडली की गॅस बारीक, नाहीतर जळते. एवढं सांगा आणि ओट्यापासून बाजूला व्हा. पहिली फोडणी तो जाळेल. जाळू द्या.