लसाविचा कैवार

एका सेवानिवृत्त हिशेबनीस गृहस्थांनी नातवाच्या गणिताच्या वहीवरून दृष्टी फिरवीत नुकताच असा अभिप्राय दिला की, रुपया दशमान झाला त्याच दिवशी लसावि आणि मसावि या दोन्ही बाबी शालेय अभ्यासक्रमातून खारीज व्हावयास हव्या होत्या. उभा जन्म आकडेमोडीत घालविलेल्या माणसाने असे म्हणावे याचे मला वैषम्य वाटले.

विभाजक आणि विभाज्य म्हणजे काय, हे पाढे घोकलेल्या वाचकास सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र या दोहोंच्या स्वभावातील एक भेद मला फार दिवसांपासून प्रिय आहे. विभाजक हा संख्येच्या अंतरंगाचा हिशेब होय. बाराचे विभाजक सहाच, त्यांत एकाची भर पडावयाची नाही. विभाज्ये म्हणजे तीच संख्या घराबाहेर पडून चालू लागली असता लागणारे मुक्काम, आणि त्या मुक्कामांना अंत नाही. म्हणूनच मसावि वाटणीच्या कामाचा आणि लसावि गाठीभेटीच्या, असे मी मानीत आलो.

गाठीभेटीचे उदाहरण पंचांगातच आहे. गुरू राशिचक्राची प्रदक्षिणा सुमारे १२ वर्षांत करतो, शनी सुमारे ३० वर्षांत. दोघे एकाच राशीतून एकदम निघाले, तर पुन्हा तेथेच केव्हा भेटतील? उतावळा विद्यार्थी सरळ गुणाकार करून ३६० वर्षे सांगेल. परंतु ६० वर्षांत गुरूच्या पाच आणि शनीच्या दोन फेऱ्या पुऱ्या होतात, आणि प्रभवापासून क्षयापर्यंतची संवत्सरेही साठच आहेत. १२ आणि ३० यांत ६ हा विभाजक सामाईक असून गुणाकारात तो दोनदा धरला जातो. एकदाचा वजा करावा, म्हणजे ३६० ला ६ ने भागावे, की ६० उरतात. ज्यांच्यात मुळातच सामाईक अंश अधिक, त्यांची भेट लवकर. ज्यांच्यात एकावाचून काहीच सामाईक नाही, त्यांना सगळा गुणाकार पायी तुडवावा लागतो.

आता हिशेबनिसांकडे वळू. त्यांना उत्तर म्हणून जुन्या रुपयाचीच बाजू घ्यावी, असे प्रथम मनात आले. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा, एकूण १९२ पै. या संख्येचे विभाजक चौदा, तर १०० चे अवघे नऊ. जमिनीच्या जुन्या दप्तरात हिस्से आणे-पैंत लिहीत; तेथे तिघा भावांच्या नावांपुढे प्रत्येकी ५ आणे ४ पै अशी नोंद बिनतक्रार बसे. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर पैशांचा रुपया आला आणि तिघांच्या वाटणीत ३३ पैसे प्रत्येकी देऊन एक पैसा बाकी राहू लागला.

पण हाच दाखला एक पिढी पुढे नेला की माझी बाजू लंगडी पडते. समजा, त्या तिघांना अनुक्रमे दोन, चार आणि पाच वारस आहेत. धाकट्याच्या ६४ पै पाचांत वाटता प्रत्येकी १२ येतात आणि ४ उरतात. म्हणजे शंभराइतकाच १९२ ही अपुरा. भांडण फक्त एक पिढी लांबले होते. येथे हिस्से पडतात एक षष्ठांश, एक द्वादशांश आणि एक पंचदशांश. ६, १२ आणि १५ यांचा लसावि ६०. मिळकतीचे साठ भाग करावेत: थोरल्याच्या वारसांस दहा-दहा, मधल्याच्या पाच-पाच, धाकट्याच्या चार-चार. तिन्ही शाखांस वीस-वीस भाग मिळाले, आणि बाकी शून्य.

यंत्र दशांशात उत्तर देते, असे हिशेबनीस म्हणतील. देते खरे, पंचदशांश मागितला की शून्यापुढे एक शून्य आणि मग सहांची न संपणारी रांग देते. तलाठ्याच्या दप्तरात तेवढा लांब रकाना नसतो.

येथे माझा प्रिय भेदही जसाच्या तसा टिकत नाही. लसावि गाठीभेटीचा खराच, पण न्याय्य वाटणी म्हणजे तरी सर्व हक्कदारांचे छेद ज्या संख्येवर एकत्र येतात ती संख्या शोधणेच नव्हे काय? एकापासून दहांपर्यंत कितीही वारस चालतील असा रुपया हवा, तर तो २५२० भागांचा करावा लागेल; आणि अकरावा वारस उभा राहताच तोही मोडेल. कोणत्याही टांकसाळीने सर्व घरांस पुरेल असे नाणे पाडलेले नाही आणि पाडता येणारही नाही. तेव्हा रुपया दशमान असो वा षोडशमान, लसावि शिकविलाच पाहिजे. हिस्सेदार आधी मोजावेत, आणि मिळकतीचे भाग किती करावयाचे ते मागाहून ठरवावे.