छेदात कोण?

२०११च्या जनगणनेत शिरूर तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. भीमा ओलांडून दौंडला गेलं की तिथेही साधारण तेवढीच. त्या वर्षी आइसलंड या अख्ख्या देशात सव्वातीन लाखांहून कमी माणसं राहत होती. शिरूर आणि दौंड जोडले तर जवळपास भूतान होतो. ऐकायला गंमत वाटते, पण यातला एक प्रश्न मला बरेच दिवस सोडत नाहीये. तेवढ्याच माणसांचा देश असला तर आरोग्याच्या बाबतीत काय मिळतं, आणि तालुका असला तर काय मिळत नाही?

पैसा बाजूला ठेवू. आइसलंड श्रीमंत आहे, त्याच्याशी तुलना करून हाती काही लागणार नाही. तुवालु घ्या. पॅसिफिकमधली काही बेटं, माणसं अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव. जागतिक आरोग्य सभेत तुवालुला एक मत आहे आणि भारतालाही एकच. जगभरच्या आरोग्याचा तक्ता काढला की त्यात तुवालुची स्वतःची ओळ असते. कधी त्या ओळीत आकडा नसतो, नुसती मोकळी जागा असते. पण ती मोकळी जागा दिसते, आणि कुणीतरी विचारतं की हे रिकामं का? शिरूरची ओळ पुणे जिल्ह्यात मिसळते, पुण्याची महाराष्ट्रात. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत कोथरूडचे फ्लॅट येतात आणि ऊसतोडीच्या कोप्याही येतात. म्हणजे यायला हव्यात.

लहान संख्येची अडचण खोटी नाही, हेही सांगायला हवं. आइसलंडमध्ये वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास बाळं जन्मतात. एका वर्षी बाळंतपणात एक आई दगावली, तर 'दर लाख जन्मांमागे' हा आकडा एकदम बावीसवर जातो आणि पुढच्या वर्षी शून्यावर येतो. अशा आलेखावरून काही ठरवता येत नाही. रोज डेटाशी खेळणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. सॅम्पल छोटा असला की आम्ही तो 'इतर' नावाच्या डब्यात टाकतो आणि पुढे जातो. डॅशबोर्ड सुबक दिसतो.

आपली सरकारी आरोग्यव्यवस्थाही भागाकारावर उभी आहे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच तीन हजार आणि वीस हजार. मला हा दुसरा आकडा आवडतो. डोईगणती समान वाटलं म्हणजे न्याय होत नाही, अंतर आणि चढणही मोजावी लागते, हे सरकारने स्वतःच त्यात कबूल केलंय. फक्त ही सवलत जमिनीला दिलेली आहे. हलणाऱ्या माणसाला नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडून टोळ्या येतात. फडाच्या कडेला, ओढ्याकाठी कोप्या पडतात, आणि उन्हाळा लागला की उठतात. माझी चुलत वहिनी आशा आहे. साधारण हजार माणसांमागे एक आशा, असा हिशोब. गेल्या हंगामात मी तिला सहज विचारलं, कोप्यांवरच्या पोरांचं लसीकरण कोण करतं?

"मीच करते की. गाडीवर नर्सबाईंना घेऊन जाते. पण भावजी, ती माणसं माझ्या हजारात बसत नाहीत ना."

तिने घरोघरी जाऊन सर्व्हे केला तेव्हा टोळ्या निघून गेलेल्या होत्या. म्हणजे छेदात ती पोरं नाहीत. लस दिली की अंशात मात्र येतात. त्यामुळे वहिनीचं लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलं, आणि वरून विचारणा झाली की आकडा चुकलाय का, तपासा. आमच्या धंद्यातही अशा वेळी व्हॅलिडेशन लावतात : अंश छेदापेक्षा मोठा असू नये. तिकडे त्याच पोराच्या गावच्या यादीत ते 'राहिलेलं बाळ' म्हणून पडून असतं. एकच मूल, एका ठिकाणी चूक म्हणून दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी कमतरता म्हणून. मूल म्हणून कुठेच दिसत नाही.

गोवर थोपवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळायला हवी, असं मानतात. पण उरलेली पाच मुलं एकाच ओढ्याकाठी राहत असतील तर त्या पंचाण्णवाचा काय उपयोग? गोवराला सरासरीशी देणंघेणं नसतं.

आणि न मोजण्याची किंमत किती असते, ते बीडने दाखवलं. २०१९ साली सरकारी समितीने ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी करून घेतली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एवढ्या शस्त्रक्रिया एका रात्रीत होत नाहीत. कितीतरी वर्षं त्या होत होत्या, फक्त 'ऊसतोड महिला' अशी ओळ कुठल्या तक्त्यात नव्हती.

यावर ऑफिसातल्या एका मित्राशी माझा वाद झाला. तो म्हणाला, पैसा मर्यादित आहे, जिथे जास्त जीव वाचतील तिथे घाला, बाकी सगळी भावनिकता. मी त्याला जॉन टॉरेक सांगितला. या तत्त्वज्ञाने १९७७ साली एक निबंध लिहिला. समजा औषध थोडंच आहे. एकाला ते सगळं लागतं, किंवा पाच जणांना पाचवा-पाचवा हिस्सा पुरतो. टॉरेक म्हणतो, मी नाणं उडवीन, म्हणजे सहाही जणांना सारखी संधी मिळेल. मित्र म्हणाला, वेडा आहे. मलाही टॉरेक पूर्ण पटत नाही. साठ कोप्यांसाठी उपकेंद्र बांधा असं मी म्हणणार नाही. पण मित्राच्या म्हणण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : सहाही जण आपल्याला दिसतायत. पैसे संख्येनुसार वाटायचे की गरजेनुसार, यावर भांडता येईल. पण त्या भांडणात नाव येण्यासाठी आधी अमुक इतकी संख्या भरली पाहिजे, अशी अट कशी घालणार? ओळ लिहायला उपकेंद्राइतका खर्च येत नाही.

इथवर मला सगळं सोपं वाटत होतं. मग पारध्यांचा विचार आला. शिरूर-दौंडच्या माळांवर फासेपारध्यांची पालं आहेत, आणि त्यांना ओळ मिळाली होती, फार आधी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींची नावनिशी नोंद झाली, हजेऱ्या लागल्या. १९५२ साली त्या कायद्यातून सुटका झाली, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पालावरच जाते. कुणी वही घेऊन आलं की ती माणसं मागच्या वाटेने का निघून जातात, हे मग विचारावं लागत नाही. शिवाय लहान गटात गुपितही राहत नाही. 'क्षयरुग्ण : १' असं वस्तीच्या नावापुढे लिहिलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

वहिनीने तिच्या वहीची मागची पानं कोप्यांसाठी ठेवली आहेत. त्यांची मी तिला मोबाइलवर एक शीट करून दिली : मुलाचं नाव, मूळ गाव, शेवटची लस, मुकादमाचा फोन. एक रकाना जातीचा टाकला होता, पुढे कधी विश्लेषणाला उपयोगी पडेल म्हणून. तिने शीट नीट वाचली आणि म्हणाली, "हा काढा. आणि मुकादमाचा फोन नको, आईचा घ्या. मुकादमाला कशाला कळायला पाहिजे कोण आजारी ते?"

आईकडे फोन नसेल तर काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, मग मी जाईन की.