पटावरचे एकसष्टावे नाव

शाळेत ‘ऑडिट आले’ हे शब्द कानांवर पडले की काय घडते, हे सातारा-सांगली भागातील शिक्षकांच्या घरांत कुणाला सांगावयास नको. कपाटे उघडतात, किर्द आणि पावत्या यांचा मेळ घातला जातो, राहून गेलेल्या सह्या गोळा होतात आणि पुष्कळदा गावातील एखाद्या कोंबडीचे आयुष्य संपुष्टात येते. तपासनीस येतात, जेवतात, जातात. मागे राहतात काही आक्षेप, त्यांवर लिहावयाचा अनुपालन अहवाल आणि ‘सुटलो एकदाचे!’ हा निःश्वास. ज्याचे कागद जुळले तो सुटला, असे आपण धरून चालतो. परंतु कशातून सुटला, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही.

हिशेब मागण्याचा हक्क मुळात कुणाचा, हे आपल्या भागाने महाराष्ट्राला लवकर सांगितले आहे. महात्मा फुले यांचे घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे आणि सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातील नायगावच्या. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, ते माझ्या मते आपल्याकडील शिक्षणखर्चाचे पहिले खरे लेखापरीक्षण होय. सरकारी तिजोरीत पैसा भरतो तो राबणारा रयत. त्या पैशातून शिकतात वरच्या वर्गांची मुले. मग रयतेच्या मुलांच्या वाट्याला काय आले, असा त्यांचा रोख होता. पावत्या खऱ्या की खोट्या, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पैसा ज्याचा, त्याच्या मुलापर्यंत तो पोहोचला काय, एवढेच त्यांना हवे होते.

पुढे यंत्रणा उभ्या राहिल्या. स्थानिक निधीच्या लेखापरीक्षेचा मुंबई प्रांताचा कायदा १९३० सालचा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळांचा मोठा कारभार त्यांच्याकडे आला. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्हा परिषदांच्या लेखाआक्षेपांची उत्तरे मागते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे तर घटनेच्या १४८ व्या कलमाने निर्माण झालेले पद. त्यांचे आजचे तपासनीस खर्च नियमाप्रमाणे झाला एवढेच पाहून थांबत नाहीत. काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता अशा तीन कसोट्या ते लावतात. तिसरी कसोटी जोतीरावांची आहे. खेड्यातील शाळेपर्यंत मात्र बहुधा पावती तपासणारेच पोहोचतात.

देवळाच्या दानपेटीला किंवा चर्चच्या दानाला हात लावण्याचा विचारही जिच्या मनात येणार नाही, अशी व्यक्ती सरकारी कागदावर खोटी सही निर्धास्तपणे करते. असे का व्हावे? दानाला चेहरा असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. त्या अन्नातील एक भाकरी खोट्या नावावर उचलणे कुणाला सुचले असते काय? देणारी माउली समोर उभी होती. कराच्या पैशाला असा चेहरा नाही. तो ‘सरकारचा’ आणि म्हणून कुणाचाच नाही. वस्तुतः मजुराने विकत घेतलेल्या काडेपेटीतही त्या पैशाचा अंश आहे.

चेहरा नसलेल्या पैशाचे काय होते, हे २०११ साली दिसले. नांदेड जिल्ह्यातील पडताळणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली. पटावर नाव असून वर्गात नसलेली सुमारे २० लाख मुले निघाली. ती सारीच बोगस होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते दिवस नवरात्राचे होते, ६ तारखेला दसरा होता. कुणी आजारी असेल, कुणी मामाच्या गावी गेला असेल. तरीही मोठ्या शहरातील संपूर्ण लोकसंख्येएवढी नावे कागदावर दररोज ‘हजर’ होती. संस्थाचालकांनी अनुदान लाटले, गणवेश आणि तांदूळ लाटले, हे सर्व बोलून झाले. त्या लोभाविषयी मला अधिक लिहावयाचे नाही. लोभ हा नैतिकदृष्ट्या सोपा विषय आहे.

अवघड आहे ते लोभाविना केलेले खोटे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ व्या मुलाला तिसरा. समजा, कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यातील एका शाळेत साठ मुले आहेत. पाच इयत्ता, दोन गुरुजी. एक जण बैठकीला गेला की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात. अशा वेळी मुख्याध्यापकांनी मुंबईला गेलेल्या एखाद्या कुटुंबातील मुलाचे नाव पटावरून काढले नाही, तर तिसरा शिक्षक राहतो. स्वतःच्या खिशात एक पैसा जात नाही. साठ मुलांचे मात्र भले होते. हे पाप म्हणावे काय?

या मुख्याध्यापकांची बाजू मी हलकी मानीत नाही. नियम करणाऱ्याने कोयनेचा पाऊस पाहिलेला नाही, ओढा ओलांडून शेजारच्या वाडीतील शाळेत जाणारे सात वर्षांचे पोर पाहिलेले नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाला तर राज्य मिळवायचे होते. या गुरुजींना केवळ एक शिक्षक टिकवायचा आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणत्याही हेतूने बोललेल्या असत्याला मुभा दिली नाही. संत थॉमस अक्वायनस उपकारासाठी बोललेले असत्य सौम्य मानतात, निर्दोष मानीत नाहीत. सेमिनरीत हा भाग शिकताना आम्हा विद्यार्थ्यांना दोघेही फार कठोर वाटत. खेड्यांत इतकी वर्षे काढल्यावर मला तो प्रश्न असत्याच्या व्याख्येपेक्षा त्याच्या आयुष्याचा वाटू लागला आहे.

कारण पटावरचे एकसष्टावे नाव एकदा लिहून संपत नाही. त्याला रोज हजेरी द्यावी लागते. त्याच्या वाटणीचा शंभर ग्रॅम तांदूळ रोज शिजल्याचे दाखवावे लागते. आरोग्यतपासणीत त्याला उंची लागते, वजन लागते आणि दरवर्षी ते थोडे वाढावे लागते. परीक्षेत त्याला गुण द्यावे लागतात. फार चांगले दिले तर शंका येते, म्हणून बेताचे. मग त्याला वरच्या वर्गात घालावे लागते. नसलेल्या मुलाला असे मोठे करीत असताना, असलेल्या मुलांच्या उंचीचे आकडेही अंदाजानेच भरण्याची सवय हाताला लागते. आणि हजेरीच्या वेळी वाचले न जाणारे एक नाव वहीत आहे, हे पुढच्या बाकावर बसलेल्या दुसरीतल्या मुलीला ठाऊक असते. मुलांना असे काही कळत नाही, हा मोठ्यांचा गैरसमज आहे.

याहूनही एक गंभीर गोष्ट त्या नावाने होते. साठ मुलांना दोन शिक्षक पुरत नाहीत, हे सत्य गुरुजींना रोज भोगावे लागते. पण वरच्या कार्यालयात ते कधीच पोहोचत नाही. तेथे कागद सांगतो की ६१ मुले आहेत, तीन शिक्षक आहेत, नियम उत्तम चालला आहे. ज्या नियमामुळे गुरुजींना खोटे लिहावे लागले, त्याच नियमाला त्या खोट्या नोंदीने जीवदान मिळते. शेजारच्या खोऱ्यातील ज्या गुरुजींनी खरे ५८ लिहिले, त्यांची शाळा मग तुलनेत विनाकारण रडणारी ठरते. प्रत्येक वाडीने आपापले एकसष्टावे नाव सांभाळायचे आणि नियमाविरुद्ध कुणीच तोंड उघडायचे नाही, अशी ही मूक तडजोड आहे. खरा आकडा लिहून, तो अपुरा आहे असे सही करून वर कळविणे, यात नुकसान आहे. पहिल्या वर्षी शिक्षक जाईलही. ते नुकसान एकट्या गुरुजींच्या अंगावर पडू द्यावे काय, हा प्रश्न गुरुजींनी सोडवावयाचा नाही. तो पालकांचा आहे, ग्रामपंचायतीचा आहे, त्या पंचक्रोशीतील तुमचा-माझा आहे. पालकांचे निवेदन त्या आकड्यासोबत जाते, तेव्हा आकड्याला वजन येते.

याची दुसरी बाजू पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, आणि आपल्याच जत व माण तालुक्यांतून, ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा-कराडकडे येतात. त्यांच्यासोबत मुले असतात. फडातील त्या मुलीचे नाव जतच्या शाळेच्या पटावर आहे. ती बोगस नाही. तिला आई आहे, दाखला आहे, आधार क्रमांक आहे. ऑक्टोबरच्या आरंभी शाई लावणारे आले असते तर ती वर्गात सापडली असती. डिसेंबरात ती पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळीत बसलेली असते. वहीत तिच्या नावापुढे रोज ‘हजर’ लिहिले गेले, तर तिला शोधावयास कोण येणार? साखरशाळा कोणासाठी काढावयाच्या, हंगामी वसतिगृहात किती मुलांची सोय करावयाची, हे ठरते गैरहजेरीच्या खऱ्या आकड्यावरून. पाटणच्या एकसष्टाव्या नावाला आणि या मुलीच्या खोट्या हजेरीला आपण एकाच दयाळूपणाने लिहितो. पहिल्याने नसलेले मूल दिसू लागते, दुसऱ्याने असलेले दिसेनासे होते. तपासनीसाची वही पहिले कधीमधी पकडते. दुसरे पकडण्याची सोय तिच्यात जवळजवळ नाही, कारण तेथे पावती जुळते.

कागदापलीकडे पाहणारी तपासणी आपल्या जिल्ह्याला परकी नसावी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केला. त्याचा राज्याचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांच्या मस्टरवर खोटी नावे चढू लागली, ही तक्रारही जुनी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली यावर एक साधा उपाय केला: मस्टर गावासमोर मोठ्याने वाचून दाखविले. ज्याचे नाव वाचले जाई, त्याला विचारीत की तू कामावर होतास काय. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने १७ व्या कलमात सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले, त्यामागे हाच अनुभव होता.

शाळेचा पट असा वाचावयास कायद्याची वाट पाहावी लागत नाही. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते, झेंड्यासाठी मुले शाळेत आलेलीच असतात. ऐन गळीत हंगामाचा तो दिवस. जतकडच्या एखाद्या वाडीत त्या दिवशी गुरुजींनी पट उघडून पहिल्या नावापासून वाचावयास सुरुवात केली, तर किती नावांना ‘हजर’ असा आवाज येईल आणि किती नावांना शेजारीण उत्तर देईल की ती पोरगी आईबापाबरोबर वाळव्याच्या फडावर आहे, हे गुरुजींना आजही ठाऊक आहे.