भाडेपुस्तकांतील नांव

पतिपत्नींत हिशेब नसावा, असें आपल्याकडे मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. वाटण्या भावाभावांनीं कराव्या, करारनामे दुकानदारांनीं लिहावे. संसारांत 'तुझें किती, माझें किती' हा प्रश्न निघाला कीं त्या संसारांतलें कांहींतरी मेलें, अशी आपली समजूत. समजूत सुंदर आहे. ती न्याय्यहि आहे काय, ही शंका मला आली ती इंग्लंडांतील घरांविषयींच्या एका कायद्याचें कलम वाचतांना.

तेथें नगरांच्या कौन्सिलांनीं स्वतः घरें बांधून तीं माफक भाड्यानें लोकांस देण्याची पद्धत जुनी आहे. १९८० सालच्या कायद्यानें या भाडेकरूंस राहतें घर बाजारभावाहून कमी किंमतीस विकत घेण्याचा हक्क दिला, आणि तेव्हांपासून एकट्या इंग्लंडांत सुमारें २० लाख घरें अशीं विकलीं गेलीं. सूट किती मिळावी हें मुख्यतः भाडेकरूच्या वर्षांवर ठरतें. तीन वर्षें भरलीं म्हणजे घरावर शेंकडा ३५, आणि पांच वर्षांपुढें दर वर्षास शेंकडा एक अधिक. रकमेस कमाल मर्यादा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें ती पुष्कळ खालीं आणून प्रदेशपरत्वें १६ ते ३८ हजार पौंड केली. स्कॉटलंडनें २०१६ त व वेल्सनें २०१९ त हा हक्क बंदच केला. विकलेल्या घरांच्या जागीं तितकीं नवीं उभीं राहिलीं नाहींत, ही तक्रार त्यामागें होती, आणि ती खोटी नव्हती.

परंतु मला ज्या कलमाविषयीं बोलावयाचें आहे तें १९८५ च्या कायद्यांतील. भाडेकरूनें खरेदीच्या वेळीं त्याच घरांत राहणाऱ्या कुटुंबीयांपैकीं तिघांपर्यंत माणसें आपल्याबरोबर भागीदार म्हणून घ्यावीं, असें तें म्हणतें. मुलगा वा बहीण असेल तर एक वर्ष तेथें राहिलेलें असावें, नाहीं तर कौन्सिलची संमति हवी. पतीस किंवा पत्नीस मात्र वर्षाची अट नाहीं; तें घर तिचें खरें निवासस्थान असलें कीं पुरे. एवढें वाचून कायदेकर्त्यांच्या सहृदयतेचें कौतुक वाटतें. मग क्रियापदाकडे लक्ष जातें. भागीदार 'घेण्याचा' हक्क भाडेकरूचा आहे. दुसऱ्यास भागीदारी मागतां येत नाहीं. त्यानें बोलावलें तर तिनें यावयाचें.

समजा, एका गृहस्थाच्या नांवावर असें घर बारा वर्षें आहे. लग्नास आठ वर्षें झालीं. पत्नी रुग्णालयांत नोकरी करते, आणि या आठ वर्षांतील निम्मे भाडें तिच्या पगारांतून गेलेलें आहे. भाडेपुस्तकांत मात्र नांव त्याचें एकट्याचें, कारण घर मिळालें तेव्हां ती त्याच्या आयुष्यांतच नव्हती. आतां खरेदीचा अर्ज भरावयाचा आहे. सूट त्याच्या बारा वर्षांची. पुढें पंचवीस वर्षें गहाणकर्जाचे हप्ते दोघांचे. घर कोणाचें?

१९९२ सालीं तेथील अपील न्यायालयापुढें जवळजवळ असाच प्रश्न आला होता. तें जोडपें विवाहित नव्हतें, आणि भाडेकरू स्त्री होती. तिच्या अकरांहून अधिक वर्षांच्या भाडेकरूपणामुळें शेंकडा ४१ सूट मिळाली. खरेदीखतावर नांवें दोघांचीं, कर्जहि निम्मेनिम. आपलें निम्मेनिमच आहे असें दोघांच्याहि मनांत होतें, परंतु एकमेकांस तें त्यांनीं कधीं बोलून दाखविलें नव्हतें. मनांतल्या मनांत जुळलेल्या विचारांस न्यायालयानें किंमत दिली नाहीं. सूट तिच्या खात्यांत धरून तीन चतुर्थांश तिला व एक चतुर्थांश त्याला, असा निवाडा झाला. पुढें २००७ त लॉर्डसभेनें सांगितलें कीं राहत्या घरावर दोघांचीं नांवें असतील तर हिस्से सारखे असें धरून चालावें, आणि तसें नाहीं म्हणणाऱ्यानें तें सिद्ध करावें. विवाहितांच्या घटस्फोटांत तर १९७३ च्या कायद्यानें न्यायाधीशास वाटपाचा व्यापक अधिकार आहेच. परंतु न्यायाधीशापर्यंत जाण्याची वेळ यावी, ही आपली अपेक्षा नाहीं.

माझें मत असें कीं ती सूट भाडेकरूची कमाई मानणें हीच मूळ चूक. बारा वर्षें राहण्यांत कमाई कसली? भाड्याबद्दल त्याला निवारा मिळत होताच. सूट ही समाजानें आपल्या सामाईक पुंजींतून एका संसारास दिलेली देणगी आहे, आणि बाहेर घरावांचून तिष्ठणारांच्या तोंडावरून ती दिली जाते. अशी देणगी ज्याचें नांव योगायोगानें आधीं लिहिलें गेलें त्याच्या एकट्याच्या पुण्याईत कशी जमा करावी?

येथवर सोपें आहे. पण तें लग्न त्या गृहस्थाचें दुसरें असेल तर? पहिल्या पत्नीनें त्याच घरांत मुलें वाढविलीं, बारांतलीं पहिलीं तीन वर्षें तिचींहि होतीं, आणि ती वारली. नवें घर दोघांच्या नांवें अविभक्त घेतलें तर एकाच्या पश्चात् सारें दुसऱ्याकडे जाईल. जुन्या मिताक्षरेंतील उत्तरजीवित्व ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें नवें वाटणार नाहीं. मग पहिलीच्या मुलांस कांहीं उरत नाहीं. इंग्रजी कायद्यांत दुसराहि मार्ग आहे: हिस्से ठरवून घ्यावे, व आपला हिस्सा मृत्युपत्रानें हवा त्यास द्यावा. परंतु त्यासाठीं एका संध्याकाळीं समोरासमोर बसून आंकडे बोलावे लागतात, आणि 'आमच्यांत तसलें कांहीं नाहीं' म्हणणाऱ्या माणसास नेमकें तेंच जमत नाहीं. न बोलल्यानें घर दोघांचें राहतें असें त्याला वाटतें. तें राहतें पुस्तकांत ज्याचें नांव त्याचें.

आपल्या मुंबईंत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांनीं हा प्रसंगच टाळला आहे. झोपडीवासी कुटुंबप्रमुखाशीं करावयाचा करार पतिपत्नींच्या जोडनांवानें व्हावा, असें त्यांत स्पष्ट आहे. कोणीं कोणास बोलावण्याचा प्रश्न तेथें उरत नाहीं. त्या योजनेचे इतर दोष कोणी काढले तर मी वाद घालणार नाहीं. एवढें एक वाक्य मला मोलाचें वाटतें.

आम्हां सुशिक्षितांच्या घरांस तो नियम लागू नाहीं. माझ्या घराच्या खरेदीखतावर एकच नांव आहे. पत्नीनें त्याविषयीं कधीं विचारलें नाहीं, आणि न विचारणें हेंच मी आजवर तिच्या समाधानाचें प्रमाण मानीत आलों. दुसरें नांव घालण्यास काय करावें लागतें, याची चौकशी मीं परवां प्रथमच केली. तिला अजून सांगितलेलें नाहीं; इतकीं वर्षें कां नाहीं केली, असें ती विचारील.