झिजलेला आवाज

ॲक्सल रोझचा आवाज पूर्वीचा राहिलेला नाही, हे मला तिकीट काढतानाच ठाऊक होतं. यूट्यूबवर सगळं दिसतं. 1987 च्या 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'मध्ये पंचविशीतला जो पोरगा गातो, तो 2025 मध्ये त्रेसष्ट वर्षांचा होता. तरीही 17 मे 2025 च्या संध्याकाळी 'गन्स अँड रोझेस' ऐकायला मी कोल्हापूरहून येऊन मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर उभा होतो. महालक्ष्मीच्या गावातून महालक्ष्मी एक्सप्रेसनं महालक्ष्मीला निघालाय, तेवढंच काय ते पुण्य, असं बायको म्हणाली. देवळात रांगेत उभं राहायचं म्हटलं की गुडघे दुखतात आणि तिकडं पाच-सहा तास दुखत नाहीत, हेही तिनंच सुनावलं.

थोरल्याचा आक्षेप वेगळा होता. "पप्पा, एवढ्या पैशात चांगले स्पीकर आले असते की. घरात बसून ऐका. त्यात तो तरुण पण असतोय आणि स्वर पण चुकत नाही."

आक्षेप बिनतोड आहे. ज्या चार मिनिटांत कलावंत सर्वांत चांगला गायला, ती चार मिनिटं जशीच्या तशी कायम हाताशी आहेत. ती शिळी होत नाहीत, थकत नाहीत, पाऊस आला म्हणून रद्द होत नाहीत. मग त्या रेकॉर्डमागचा माणूस, घामेजलेला, सुटलेल्या पोटाचा, वरच्या पट्टीत चाचपडणारा, डोळ्यांनी बघायची गरज काय?

ह्या प्रश्नाला आपल्याकडं जुनं नाव आहे. सगुण की निर्गुण. गीतेच्या बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच अर्जुन तो विचारतो : रूप असलेल्या तुला भजणारे बरे, की अव्यक्ताला भजणारे? कृष्ण दोन्ही वाटा खऱ्या म्हणतो, पण देहधाऱ्याला अव्यक्ताची वाट फार कष्टाची, असं सांगून देहाची अडचण मान्य करतो. वारकऱ्यांनी तर उघडच बाजू घेतली. विटेवर उभी मूर्ती, तिचा चेहरा, कटीवरचे हात. तुकोबांना मुक्तीपेक्षा पुन्हा गर्भवास बरा वाटला, तो ह्याच ओढीनं.

आमच्या पिढीतल्या कोल्हापूरकराला रॉक आधी निर्गुण रूपातच भेटलं. कुणाचा तरी भाऊ मुंबईला ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचा, तो एक कॅसेट आणायचा आणि तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ती राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत फिरायची. माझ्या हाती यायची ती नात किंवा पणती. कव्हर नाही, गाण्यांची नावं बॉलपेनानं, तीही चुकीची. 'डीप पर्पल'मध्ये किती माणसं आहेत, ती दिसतात कशी, काही पत्ता नाही. फक्त खरखर आणि खरखरीच्या पलीकडं ऑर्गन. 1991 नंतर केबलवर एमटीव्ही आला तेव्हा चेहरे दिसले. मुंबईला रंगभवनातल्या 'इंडिपेंडन्स रॉक'ला पहिल्यांदा गेलो तेव्हा समजलं, की बेस गिटार कानाला नव्हे, बरगड्यांना ऐकू येते. हे कॅसेटमध्ये नव्हतंच. पुढं रुग्णालयांजवळचा शांतता विभाग म्हणून रंगभवन बंद पडलं. कायद्यानं ते योग्यच होतं. आम्हाला मात्र देऊळ पाडल्याइतकं दुःख झालं.

मग 17 मार्च 2007, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स, 'आयर्न मेडन'. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर गेलो. आधी दिल्लीची 'परिक्रमा' वाजवून गेली. मग मेडन. 'फिअर ऑफ द डार्क'ची सुरुवातीची गिटारची धून वाजली आणि मैदानानं ती शब्दांवाचून, नुसत्या ओकारात उचलली. बुवांनी चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी धृपद धरावं, तसं. माझ्या पुढं एक पोरगं गर्दीत खाली गेलं. चौघांनी त्याला बखोटीला धरून वर काढलं, एकानं त्याचा चष्मा शोधला, तो डोळ्यांवर बसवला आणि चौघंही पुन्हा उड्या मारायला लागले. मेडनच्या कार्यक्रमात 'एडी' नावाचं त्यांचं भूत मंचावर येतं, त्याला बघून लोक जे ओरडतात, ते चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचते तेव्हाच्या 'चांगभलं'हून फार लांबचं नाही.

इथं एक सोपं उत्तर टपून बसलेलं असतं. ह्या ठिकाणी 'मी' उरत नाही, म्हणून हा अनुभव धार्मिक. बरीच वर्षं मीही हेच सांगत होतो. पण मी राहतो त्या गावात गर्दीत विरघळायला तिकीट लागत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं पोरं विरघळतात. आणि 7 जून 2023 ला ह्याच शहरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगड उचलले गेले, तेव्हा त्या हातांनाही आपण एकटे नाही, आपण काहीतरी मोठं आहोत, असंच वाटत असणार. आतून बघितलं तर तो अनुभव आणि बंगळूरचा अनुभव ह्यांत मला फरक सांगता येत नाही. त्यामुळं 'मी विरघळलो' हा पुरावा मी बाद केला. विरघळणं स्वस्त आहे. त्यावरून देव सिद्ध होत नाही आणि संगीतही.

मग उरतं काय? मी टर्नर माणूस. उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे आणि माझी निम्मी कमाई झिजेची आहे. बुश झिजलं, शाफ्ट झिजला, बेअरिंगची सीट ढिली झाली की लोक माझ्याकडं येतात. जे यंत्र बसून असतं ते गंजतं, पण झिजत नाही. झीज ही वापराची खूण. मायक्रोमीटर लावला की किती चाललंय, कुठल्या बाजूनं जास्त दाब आलाय, सगळं वाचता येतं.

आणि आमची अंबाबाईसुद्धा झिजलेली आहे. हे बोलायला कोल्हापुरात जीव जरा बिचकतो, पण गोष्ट जगजाहीर आहे. वर्षानुवर्षांच्या अभिषेकांनी मूर्ती झिजली. 1955 साली वज्रलेप झाला. 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी रासायनिक संवर्धन केलं, त्यानंतरही करावं लागलं. मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबवून ते उत्सवमूर्तीवर होऊ लागले. संवर्धनाच्या दिवसांत दर्शनही उत्सवमूर्तीचंच होतं. मूर्ती बदलावी की राखावी, यावर गावात केवढा वाद झाला. वाद शास्त्राचा होता, हक्काचा होता, राजकारणाचाही होता. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली. तिला झिजवलं कुणी? शत्रूनं नाही. दूध-दही-मध घेऊन आलेल्या भक्तांनीच. आमच्या प्रेमानं ती झिजली. तिची झीज म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांच्या येण्याची नोंद आहे आणि दुसरी कसलीही नोंद त्या बायकांनी मागं ठेवलेली नाही.

वेदान्ती म्हणेल, बाबा रे, झिजतं ते अनित्य, आणि अनित्याच्या मागं लागणं हेच तर अज्ञान. बौद्ध म्हणेल, इथंच दुःख आहे. दोघांपुढं मी हात जोडतो. पण नित्य म्हणून जे माझ्या हाती आहे ते बघावं, तर ती रेकॉर्ड आहे. ती न झिजणारी, सर्वव्यापी, कधीही हाक मारली तरी तीच आणि तेवढीच. तिच्यात सगळं आहे, फक्त माझ्या असण्यानं तिला काहीही होत नाही. मी ऐकलं काय, न ऐकलं काय. ज्याला माझा ओरखडाही उठत नाही, त्याच्याशी मी कुठलं नातं सांगू?

1977 साली 'व्हॉयेजर' अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यावर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे आणि चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'ही. केसरबाई म्हणजे आमच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. कोल्हापूरची गायकी आणि रॉक अँड रोल एकाच तबकडीवर, माझ्यासारख्याला ह्याहून मोठा दाखला कुठला! दुसरं यान सुटल्यावर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या. ती तबकडी आता आंतरतारकीय अवकाशात आहे. करोडो वर्षं तिला काही व्हायचं नाही. आणि ऐकायला कुणी नाही.

खुद्द खाँसाहेबांचं उलट. शाहू महाराजांच्या दरबारी ते पंचवीसहून जास्त वर्षं होते, महाराज गेल्यावर मुंबईला गेले, 1946 मध्ये वारले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. देवल क्लबाजवळ त्यांचा पुतळा आहे, त्याच्यापुढून मी रोज स्कूटर काढतो. मूर्ती आहे, आवाज नाही. त्यांच्याबद्दल घराण्यात सांगतात, की तरुणपणी राजस्थानात आमलेट्याच्या दरबारी सतत गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. मोकळा, धारदार आवाज पुन्हा आलाच नाही. उरलेल्या गळ्याला जे पेलेल त्यातून त्यांनी लयीला चिकटून चालणारी, वळणावळणाची, दमसासाची गायकी बांधली. जयपूर-अत्रौली म्हणून आज जे ऐकतो ते एका झिजलेल्या गळ्यातून निघालं. मोगूबाई, केसरबाई, मंजीखाँ, भुर्जीखाँ, पुढं मल्लिकार्जुन मन्सूर, सगळे त्या झिजेचे वारस.

त्यामुळं रेसकोर्सवर ॲक्सलचा स्वर वर पोचेना, तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं नाही. त्यानं माइक जरासा खाली घेतला, डोळे मिटले आणि ती ओळ एका वेगळ्याच, जाडसर आवाजात काढली. रेकॉर्डमध्ये ती तशी नाही. शेजारी गुडघ्याला पट्टा बांधलेला माझ्याच वयाचा एकजण होता, तो त्या ओळीला ढसाढसा रडला. मग लाजून म्हणाला, "काय नाय, कॉलेज आठवलं." आमच्या आजोबांची पिढी उतारवयातल्या बालगंधर्वांचा स्त्रीपार्ट बघायला जायची. रूप गेलेलं, शरीर सुटलेलं. तरी 'वन्स मोअर' द्यायचीच. त्या लोकांना काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं.

ह्या कार्यक्रमांत दिखावाही आहे, नाही असं नाही. मंचाजवळच्या जागेला जास्त पैसे, मागच्यांना फक्त पडदा. आमच्याकडं व्हीआयपी दर्शनावरून भांडणं होतात तशी इथं होत नाहीत, एवढाच फरक. आणि पुढची निम्मी जनता हात वर करून मोबाइलमध्ये बघत असते. समोर सगुण उभं आणि हे त्याचं निर्गुण करून खिशात घालतायत. देवळात कॅमेऱ्याला बंदी आहे ती बरी.

झिजायचा हिशेब एकतर्फी नाही, हे मला कानाच्या डॉक्टरांकडं समजलं. त्यांनी आलेख दाखवला. 4000 हर्ट्‌झपाशी रेघ खड्ड्यात गेलेली. गोंगाटानं गेलेल्या कानाची हीच खूण असते म्हणाले. 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. आणि मैदानावर शंभराच्या वरच असतं. डॉक्टरांनी विचारलं, लेथचा आवाज, मिरवणुका की कार्यक्रम? मी म्हटलं, तिन्ही. रात्री सगळं निजलं की डाव्या कानात एक बारीक शिट्टी चालू असते. ती कुठल्या कार्यक्रमाची, सांगता येत नाही. मी थोडी थोडी सगळ्यांचीच समजतो.

डॉक्टरांनी बोळे दिलेत. वर्कशॉपमध्ये न चुकता घालतो, मैदानावरही घालतो. फक्त शेवटच्या गाण्याला काढतो. 'पॅराडाइज सिटी'लाही काढले. हे थोरल्यानं डॉक्टरांना सांगून टाकलं, तर ते म्हणाले, अहो, सगळ्यात मोठ्ठं तेच लावतात.